दुःखाजवळ बसलेली आई

चैत्राच्या दुपारी तापलेल्या पत्र्याखाली फिनेलचा वास दाटतो आणि मला आई आठवते: खळीने कडक झालेलं पांढरं लुगडं, किंचित झुकलेली मान, आणि कुणी रडू लागलं की मांडीवर सैल पडणारे हात. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत ती परिचारिका होती. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी ही बाई रडणाऱ्यापाशी मात्र काहीच करत नसे. नुसती बसून राही.

छावणीतले तरुण डॉक्टर मानसशास्त्र शिकून आले होते. मनाची जखम वेळेत भरली पाहिजे, न भरली तर तो विकार, असं ते मोठ्या कळवळ्याने सांगत. कॉलेजात शिकणाऱ्या मला ते पटेही. आईचं शास्त्र जुनं. ज्या येशूला ती देव मानत होती तो स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडला होता, त्यामुळे शोक म्हणजे बिघाड हे तिच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. दुःख माणसाला शहाणपण देतं, ते घाईने पुसू नये, असं ती म्हणे आणि त्या बाबतीत कुणाचं ऐकत नसे.

एका सिंधी बाईचं तान्हं मूल फाळणीत इकडे येताना वाटेत गेलं होतं. वर्षं उलटली तरी तिचं रडणं थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं ठरवलं. गाडी यायची होती ती नेमकी उत्तम शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी. त्या दुपारी आम्ही ख्रिस्ती माणसं देवळात तीन तास शोक करत बसतो. आई देवळात गेलीच नाही. ती त्या बाईच्या बराकीत जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मीही मागोमाग गेले.

"सिस्टर, उठा. रडणं हाच आता तिचा आजार झालाय," डॉक्टर दारातून म्हणाले.

"आज आमचं अख्खं देऊळ याच आजाराने बसलंय, साहेब. त्यांच्यासाठीही गाडी मागवा."

गाडी बाहेर ताटकळत राहिली. ऊन सरकत दारापर्यंत आलं. मग आईने हलकेच विचारलं, "बहन, बच्चे का नाम क्या था?"

"लछू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. ते बूट काढून आत आले आणि खाली बसले. गाडी रिकामी परत गेली.

ती बाई पुढेही रडे, रडता रडता पोळ्या लाटे, कधी हसेही. बरी झाली असं कुणी म्हणू नये. ती आजारी नव्हतीच.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. काळ सगळं विसरायला लावतो, अशी लोक माझी समजूत घालतात. काळाने तिचा आवाज नेला, चेहराही पुसट केला. पण तिच्या नसण्याचं दुःख माझं आहे, आणि ते मी काळाला देणार नाही.