उभे थर

समाधीच्या दगडाचे थर उभे ठेवले तर पाथरवटाचा फायदा उघड होता. रुंद, सपाट तोंड मिळणार होतं आणि गेलेल्या लेकीचं नाव त्यावर वीतभर अक्षरांत बसणार होतं. बायकोची नजर गेलेली; ती ते बोटांनी वाचणार होती.

थोरल्या भावानं बजावलं, "अरे, खाणीत निजला होता तसाच आडवा निजव त्याला. उभा केलास की पाणी थरांत शिरलंच."

"दादा, दगडाची कुंडली तू मांड. मला अक्षरं मोठी हवीत."

बारा वर्षं पाणी शिरलं, थंडीत गोठून फुगलं, उन्हात सुकलं. दगडाचे पापुद्रे सुटले, पापुद्र्यांची रेती झाली, रेतीत पानं कुजून माती झाली आणि मातीत गवत माजलं. पाथरवट रोज पाहत होता, पण बायकोला सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

एका सकाळी, कित्येक वर्षांनी तिथं येऊन, तिनं हात फिरवला. "अहो, भलत्याच दगडापाशी आणलंत. हा तर कोरा आहे!"

गवताखालची मूठभर माती त्यानं तिच्या तळहातावर ठेवली.

"हे काय?"

"नाव आहे गं. खाली उतरलंय."

थोरल्याचा शब्द खरा ठरला, गवताचं फावलं, चूक नवऱ्याची होती. भरपाई मात्र तिची बोटं करत राहिली, त्या मातीत पहिलं अक्षर चाचपत.