नवानं भाग जातो

समारंभाच्या मंडपात बसलेल्या वैदेहीबाईंनी मांडीवरच्या चादरीवर बोट फिरवत तिसऱ्यांदा बेरीज केली. एक, चार, दोन, पाच, आठ, सात. सत्तावीस. नवानं भाग जातो. पण आठ हवा तिथं पाच विणला होता आणि पाचाच्या जागी आठ.

शाळेच्या पंचाहत्तरीला पाहुण्यांना चादरी द्यायच्या आणि त्यांवर एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न हा आकडा विणून घ्यायचा, ही कल्पना बाईंचीच. या आकड्याला दोनपासून सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमानं गोल फिरून येतात. सातानं गुणलं तर सहाच्या सहा नऊ. मुख्याध्यापक उदयसिंह सर एवढे खूश झाले की त्यांनी दोनशे चादरी सांगून टाकल्या.

कागदावर आकडा लिहून दिला बाईंनी. चादरी विणणाऱ्या मागवाल्या चनमल्लप्पांचा फोनही आला होता, मोबाईलवर तिनानं गुणलं तर सात दोनदा येतंय म्हणून. बाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी कागदावरचे अंक त्यांच्याकडून वाचून घेतले, बेरीज केली, नवानं भाग दिला. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, हे त्या दरवर्षी आठवीला शिकवतात. फोनवर मात्र म्हणाल्या, "माग तुम्ही सांभाळा, गणित मी बघते."

स्टेजवर एका मुलीनं चादरीवरच्या आकड्याला दोनानं गुणलं. २८५१७४. सहाही अंक हजर. टाळ्या पडल्या, क्रम बिघडलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी सिद्धेश्वराला हात जोडले. मग सरांनी तिनानं गुणायला सांगितलं. ४२७७६१. दोन सात, आणि आगंतुक एक सहा.

सर सत्कारासाठी बसवलेल्या चनमल्लप्पांकडे वळले. असल्या मागवाल्याला पुन्हा काम नाही, हे त्यांनी माईकवरच जाहीर केलं. म्हातारा उठला, टोपी काढली.

"चुकलं असंल, सर. आमचाच हात."

बाई कशा उठल्या, त्यांनाही कळलं नाही.

"चूक त्यांची नाही. आकडा मीच तसा लिहून दिला."

मग सरांचा चेहरा उजळला.

"म्हणजे मुद्दाम! मुलांनी चूक शोधावी म्हणून!"

बाई 'तसं नाही' म्हणेपर्यंत माईक सरांच्या हातात गेला होता. आता दरवर्षी एक चुकीचा आकडा, आणि विणणार चनमल्लप्पाच, असं ठरूनही गेलं. टाळ्या थांबेनात.

चहाच्या वेळी चनमल्लप्पांनी बाईंना गाठलं.

"मला तरी सांगायचं की, बाई. आठ दिस जेवण जाईना. म्हटलं, मोबाईल चुकायचा न्हाय, बाई तर चुकायच्याच न्हाईत, मग मीच येडा."

बाईंनी कप खाली ठेवला, तोंड उघडलं. म्हातारा डोळे पुसत मनापासून हसत होता.

"चादरींचा रंग छान जमलाय," बाई म्हणाल्या.