उभ्या बसमधलं गरम पाणी

"अजून गारच हाय का?" बसच्या खालून बाबांनी विचारलं.

मी नळाखाली हात धरला. "गार. माठातल्यासारखं."

खरं सांगते, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

ही बस आमची नाही. कंपनीच्या माणसांना शिफ्टला ने-आण करून ती थकली, तेव्हा पिंपळे गुरवच्या निरंजनदादा आणि प्राजक्ताताईंनी ती विकत घेतली आणि फिरतं घर करायला चाकणला बाबांच्या शेडमध्ये आणून उभी केली. पलंग, ओटा, पडद्यामागे न्हाणी, सगळं बाबांच्या हातचं. शेवटचं काम गरम पाण्याचं. इंजिन थंड ठेवणारं, त्यातून फिरून तापलेलं कूलंट नळीने न्हाणीवरच्या टाकीत आणायचं. टाकीच्या पोटात तांब्याच्या नळीची वेटोळी, भोवती आंघोळीचं पाणी. आमच्या बंबासारखंच, फक्त लाकडं नाहीत. मी वर्गात फळ्यावर हे बाणांसकट काढून दाखवलं, तर मागच्या बाकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

ही जोडणी घाट चढल्याशिवाय खरी कळत नाही, असं बाबा म्हणाले होते. म्हणून ट्रायल ठरली ताम्हिणीतून थेट हर्णैला. हर्णै म्हणजे आईचं माहेर. तिथे मामा आहे आणि समुद्र आहे. मी शाळेत जायला लागल्यापासून आई तिकडे गेलेली नाही. तिने कंपनीत रजा टाकली, मामासाठी चाकणचे कांदे पिशवीत भरले.

आणि निघायच्या दिवशी सकाळीच निरंजनदादांचा फोन आला. गाडी संध्याकाळीच हवी, ट्रायल शेडमध्येच उरका.

पण पाणी गार राहिलं तर गाडी देणार कशी? मग घाट आलाच. मग हर्णै.

बाबा हात पुसत वर आले. "टाकी उंच बसवली ना मी. वरच्या नळीत हवा कोंडलीय." मग आईकडे न बघता म्हणाले, "घाटात न्यावीच लागंल, असं सांगू का त्यांना?"

आई पिशवी धरून दारात उभी होती. मी डोळ्यांनीच तिला म्हणत होते, हो म्हण, हो म्हण.

"हवा काढता येत न्हाय?"

"येती की. दोन मिन्टाचं काम हाय."

"मग काढा. त्या प्राजक्ताला काय थंड पाण्यान न्हाऊ घालणार?"

तिने पिशवी हुकाला अडकवली. घरी बंब रोज आईच पेटवते. आंघोळीला मात्र सगळ्यांच्या मागून जाते, कोमट उरलेल्या पाण्यात.

बाबांनी फडकं धरून क्लिप सैल केली. नळी फुसफुसली, हिरवं कूलंट ठिबकलं, क्लिप पुन्हा आवळली. थोड्या वेळाने नळाखाली माझी बोटं पोळली.

"जा, पयली बादली तू घे," बाबा आईला म्हणाले.

"येड लागलाय? लोकांची गाडी."

"ट्रायल हाय. अंगावर घेतल्याबिगर कसं कळायचं?"

आई पडद्याआड गेली. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. इंजिन चालू, बस जागीच थरथरतेय, समोर शेडचा पत्रा. मागून तांब्याचा आवाज येत होता.

"वर्षे, कुठवर आलाव गो?"

मी स्टिअरिंग धरलं. "पौड गेलं."

पाणी पडलं. "आता?"

"ताम्हिणी. समोरचं काही दिसत नाहीये, एवढं धुकं आहे."

"उलटी होतेय का तुला?"

"नाही. माणगाव आलं, चहा घ्यायचा?"

"नको, उशीर होईल."

महाड गेलं, पोलादपूर गेलं. "कशेडी आली, दमानं घे," दारातून बाबा म्हणाले. खेड, दापोली.

"आई, हर्णै आलं."

तांब्या पुन्हा बादलीत बुडाला.

"इतक्यात नको गो," ती म्हणाली. "पाणी हाय अजून गरम."

बाबांनी इंजिन बंद केलं नाही. हुकाला कांद्यांची पिशवी जागच्या जागी हलत राहिली.