मिनूने मागितलेली चादर

गच्चीवर कपडा झटकल्याचा आवाज आला की मी स्वयंपाकघरातूनच ओळखते, हे आहेत. दोन्ही हातांत टोकं धरून ते कपडा एकदाच झटकतात आणि वाऱ्यावर निशाण उघडावं तसा फटकन आवाज होतो. मग सगळं निःशब्द. काठाला काठ लावत, तळव्याने सुरकुती पुसत त्यांची घडी चालते. उभा जन्म फौजेत गेला. शेवटची बदली फोर्ट विल्यमला झाली आणि आम्ही डमडमला, विमानतळाजवळ घर घेऊन कलकत्त्यातच राहिलो. हे पेन्शनीत निघाले, हात मात्र अजून नोकरीत आहेत.

ह्यांचं बोलणं थोडं, माया सगळी घडीत. आमची मुलगी मिनू शाळेत जायची तेव्हा तिच्या फ्रॉकची कॉलर ते अशी दुमडत, जणू पहाटे गळलेलं पारिजातकाचं फूल देठाला धरून उचलताहेत. पुढे मिनू नोकरीसाठी स्कॉटलंडला निघाली. हे नको म्हणाले, ती गेली. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं “जेवलीस का” आणि “जेवले” एवढ्यातच उगवायचं आणि मावळायचं. “तिला आता आपल्याकडचं काही लागत नाही,” असं हे एकदा खिडकीबाहेर बघत म्हणाले होते. ते वाक्य मग घरातच राहिलं, कोपऱ्यातल्या ओलीसारखं.

आमच्या गच्चीवरून विमानं इतकी खालून जातात की वाळत घातलेल्या साड्यांवरून त्यांची सावली सरकते. वर्षानुवर्षं त्या सावल्या आल्या आणि गेल्या. ह्या आश्विनात त्यातलं एक विमान आमचं होतं. मिनूने तिकिटं पाठवली होती. निघण्याआधी तिचा फोन आला.

“आई, इथली हवा फार लहरी. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, वारा तर कायमचाच. कपडे एकावर एक चढवता येतील असे घ्या. आणि बाबांची चादर नक्की आण, विसरू नको हां.”

हे शेजारी उभे राहून ऐकत होते. मग कपाट उघडून त्यांनी खालच्या कप्प्यातली सोलापुरी चादर काढली. तांबडी, मोरांची, जाडजूड. हे रजेवर घरी आले की मिनू त्यांच्या कुशीत ह्याच चादरीत शिरून झोपायची. ह्यांनी ती गच्चीवर नेली, शरदाच्या कोवळ्या उन्हात धरली आणि झटकली. खालच्या दुर्गापूजेच्या मंडपातून ढाकाचा, तिथल्या मोठ्या ढोलाचा, ठेका येत होता. त्या आवाजाने तोही क्षणभर थबकला असं मला वाटलं.

“अहो, तिकडे काय चादरी मिळत नाहीत?”

“मिळत असतील. तिने माझी मागितलीय.”

चादरीने अर्धी बॅग खाल्ली. बॅग हातात धरून हे वजनकाट्यावर चढले, उतरले, आणि त्यांनी आपली फौजेतली जर्सी बाहेर काढली. मग कोट काढला.

“आणि थंडीत तुम्ही काय घालणार?”

“तुझी बडबड पांघरीन.”

इतक्या वर्षांनी हे थट्टा करत होते. मी माझे लोकरी मोजे त्यांच्या बुटांत कोंबले.

मिनूच्या घरी बॅग उघडली तेव्हा बाहेर पावसाची बारीक भुरभुर होती आणि तिच्यातच ऊन पडलं होतं. चादर बघून ती हसू लागली. “अगं आई, ही कशाला? मी बाबांनी अंगावर घ्यायची चादर म्हटलं होतं. शाल. माझ्या बंगाली मैत्रिणींच्या घरी शालीलाच चादर म्हणायचे ना, तेच तोंडात बसलंय.”

मलाही ते ठाऊक होतं. आमची भाजीवाली थंडीत खांद्यावरची ‘चादर’ सावरतच भाजी तोलते. पण घरात, मराठीत, ह्यांचं नाव घेऊन कोणी चादर म्हटलं तर दुसरं काय मनात येणार? ह्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. ते वाकून बॅगेची चेन उगाच मागेपुढे करत होते.

मिनूचंही लक्ष तिकडे गेलं. तिचं हसू थांबलं. तिने चादर उचलली, तोंड खुपसून वास घेतला आणि तशीच उभी राहिली. डोकं वर केलं तेव्हा डोळे भरलेले होते.

“बाबा, नशीब, मी गालिचा नाही म्हटलं.”

“म्हटली असतीस तर तोही आणला असता,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या कड्यावर गेलो. वाऱ्याने माझी छत्री उलटी केली, लोकांचे रेनकोट फडफडत होते, आणि त्या करड्या आभाळाखाली बापलेक एका चादरीत, परेडला निघाल्यासारखे पावलाला पाऊल लावून चालले होते. सोलापूरचे तांबडे मोर त्या परक्या समुद्रावर दिमाखात फडफडत होते. येणारे-जाणारे वाट देत होते, हसत होते, आणि एरवी चार माणसांत पदर सारखा करत मागे राहणारी मी मान वर करून त्यांच्यामागून चालले होते. पाऊस सरला, लख्ख ऊन पडलं. ह्यांनी ओली चादर दोन्ही हातांत धरली आणि एकदाच झटकली. आवाज तोच, डमडमच्या गच्चीवरचा.

निघताना मिनूने मागून घेतली आणि चादर तिथेच राहिली. इथे कपाटाचा खालचा कप्पा मोकळा आहे. मध्ये मी त्यात उशांचे अभ्रे ठेवायला गेले, तर हे म्हणाले, “राहू दे.” आता डोक्यावरून विमान गेलं की हे हातातली घडी अर्धी टाकून वर बघतात, आणि मला वाटतं, काळ पुष्कळ काही घेऊन जातो, पण जे मागून घेतलं जातं, त्याची रिकामी जागासुद्धा उबदार राहते.