सतराव्या मण्याचा हात

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. धुळीची पर्वा करू नका, ती माझ्याच अंगावरची आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि मी ती शेवटपर्यंत सांगणार आहे.

मी एक जुना पितळी तारांचा सांगाडा आहे. इबादान शहरातल्या एका विद्यापीठाच्या कोठीत, मोडक्या तराजूच्या आणि रिकाम्या बाटल्यांच्या शेजारी उभा आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी चिमण्यांनी अर्धवट सोडलेलं घरटं वाटतो. पण मी प्रतिमा आहे, तुमच्या रक्तातल्या तांबड्या द्रव्याच्या दोन साखळ्यांची. प्रत्येक साखळीत एकशे शेहेचाळीस मणी. या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. साखळी सरळ राहत नाही, लोकरीच्या गुंड्यासारखी स्वतःभोवती गुंडाळते. मग मोजणीत दूरदूरचे मणी एकमेकांच्या कुशीत येतात. कोण कोणाला टेकलंय, यावर त्या साखळीचं सगळं वागणं अवलंबून असतं. इकडे घरोघरी एक दुखणं आहे. त्यात एक मणी बदललेला असतो, तेवढ्यानं एक साखळी दुसरीला जाऊन चिकटते आणि रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. म्हणून मला बनवलं, दोन साखळ्या शेजारी शेजारी, कोण कुठे टेकतं ते बघायला.

मला घडवलं बाबा सलाको यांनी. ते विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये कारागीर होते. परदेशातून आकड्यांचं जाडजूड बाड आलं होतं, प्रत्येक कणाची जागा सांगणारं. ते वाचून बाबांनी सळया कापल्या, स्क्रू बसवले आणि अकरा महिन्यांत मला उभं केलं. प्रत्येक मण्याला बाहेर आलेला एक हात आहे. कोणाचा आखूड, कोणाचा लांब. तो एका स्क्रूवर बसतो. लांबी पक्की, पण स्क्रू सैल केला की हात हवा तसा गोल फिरतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबा देवभोळे होते. रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीत सगळे प्रार्थनेला जमत. तिथले आल्फा, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, प्रवचन नुसतं बोलत नसत, गाऊन सांगत. मध्येच थांबून चाल सोडून देत आणि खाली बसलेल्या बाया ती उचलून धरत. सोमवारी तीच चाल बाबांच्या ओठांवर असायची. मी प्रवचनाला कधी गेलो नाही, पण नऊ वर्षं दर सोमवारी मला त्याचा प्रसाद मिळाला.

त्या नऊ वर्षांत मी पुष्कळ मान पाहिला. मंत्री आले, शाळेची मुलं आली, कोणी माझ्यासोबत फोटो काढले. खरं काम मात्र माझ्याकडून मोरेनिकेनं घेतलं. ती प्रोफेसर ओयेलारान यांची विद्यार्थिनी होती. तिच्या धाकट्या बहिणीला तेच कोयत्याचं दुखणं होतं. हरमाटनचा कोरडा वारा सुटला की ती मुलगी सांधे धरून आठ आठ दिवस पडून राहायची. दोन साखळ्या जिथे टेकतात तिथे पाचर मारणारं औषध शोधायचं, हे मोरेनिकेनं मनात धरलं होतं. त्यासाठी आधी स्पर्शांची यादी हवी होती.

तिची पद्धत साधी होती. विणकामाची एक सुई तिनं बरोबर आठ सेंटिमीटरला कापून घेतली. माझ्या दोन हातांच्या टोकांमध्ये ती सुई मावली नाही, म्हणजे ते एकमेकांना टेकले, असं धरायचं आणि वहीत लिहायचं. आकड्यांच्या बाडावरून हेच अंतर हातानं काढायला एका जोडीला पाच मिनिटं लागत, आणि जोड्या हजारो. विद्यापीठाचा संगणक त्यांच्या विभागाला आठवड्यातून दोनच तास मिळे. सुरुवातीच्या चाळीस जोड्या तिनं बाडावर ताडून पाहिल्या. चाळीसही बरोबर निघाल्या. मग तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि पुढच्या नुसत्या सुईनं मोजल्या.

एका फेब्रुवारीत तिला एक नवा स्पर्श सापडला. पहिल्या साखळीतला सतरावा मणी लायसिन नावाच्या अमिनो आम्लाचा. त्याचा लांब हात थेट शेजारच्या साखळीतल्या ॲस्पार्टिक आम्लाजवळ पोचला होता. एकाला दुसऱ्याची ओढ असते, त्यामुळे जोडी पटण्यासारखीच होती. आजवरच्या कुठल्याही यादीत ती नव्हती. प्रोफेसरांनी चष्मा वर करून दोनदा पाहिलं आणि म्हणाले की पाचर मारायची जागा हीच. तीन आठवड्यांनी शनिवारी इफे शहरात परिषद होती. तिथे मोरेनिकेनं हे वाचून दाखवायचं, आणि पुढची तीन वर्षं या एका जागेवर बसेल असं औषध बनवण्यात घालवायची, असं ठरलं. मोरेनिकेनं त्या दिवशी सगळ्या विभागाला चवळी वाटून वाफवलेलं मोईन-मोईन खाऊ घातलं.

परिषदेच्या आधीच्या मंगळवारी तिनं बाबांना बोलावलं आणि त्या जोडीवर लाल दोरा बांधायला सांगितला, फोटोत उठून दिसावा म्हणून. बाबांनी दोरा बांधला. मग त्यांची नजर सतराव्या मण्याच्या स्क्रूवर गेली. त्याची खाच एका बाजूनं झिजलेली होती. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. बुधवारी ते आले, बाकीची कामं केली, माझ्याकडे फिरकले नाहीत. ओठांवर चालही नव्हती.

बाबांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. आदल्याच वर्षी एका माणसानं न विचारता एक यंत्र हलवलं, तर प्रोफेसरांनी त्याला घरी पाठवलं होतं. बाबा गप्प बसले असते तर जगात कोणाला कळणार नव्हतं. मला माहीत होतं, पण पितळेला तोंड नसतं.

गुरुवारी दुपारी मोरेनिके वही भरत बसली होती. बाबा टोपी हातात घेऊन समोर येऊन उभे राहिले.

"पोरी, तो हात मी वळवलाय."

"कुठला हात, बाबा?"

"सतराव्याचा. डिसेंबरात कुलगुरू येणार होते, तेव्हा लिंबू आणि राख लावून सगळे हात घासले. बाकीचे खूण करून काढले, तसेच परत लावले. याचा स्क्रू निघेना, त्या झटापटीत खूण पुसली. हा पूर्वी आतल्या अंगाला मुडपलेला असायचा. म्हटलं, पाहुणे या बाजूला उभे राहणार, जरा ऐटीत बाहेर काढू."

"ऐटीत?" मोरेनिके म्हणाली. "बाबा, तीन आठवडे मी तुमच्या ऐटीवर नाचतेय."

आवाज ऐकून प्रोफेसर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुढच्या जन्मी सांगाडे सोडून नवऱ्या सजवायला जा, असं ते बाबांना म्हणाले. आणखीही बरंच बोलले, ते मी सांगत नाही. बाबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी प्रोफेसर दमून खुर्चीत बसले.

मोरेनिकेनं आकड्यांचं बाड ओढलं आणि त्या एका जोडीचं अंतर हातानं काढलं. तीन वजाबाक्या, तीन वर्ग, एक वर्गमूळ. पाच मिनिटांचंच काम. माझ्या अंगावर ते अंतर सव्वीस सेंटिमीटर भरायला हवं होतं. प्रत्यक्षात तिथे सहा होतं. तिनं स्वतः स्क्रू सैल केला आणि हात फिरवला. तो मुकाट्यानं आपल्या जुन्या जागी, आतल्या अंगाला गेला. लाल दोरा ताणून तुटला.

तिनं तुटलेला दोरा गोळा केला. मग मोरेनिकेनं विचारलं, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं का?"

"तुला नसतं कळलं," बाबा म्हणाले. "औषधाला कळलं असतं."

शनिवारी ती इफेला गेली. यादी वाचली, आणि एक स्पर्श आपल्याच मोजण्यात खोटा निघाला, तो का निघाला, हेही उभं राहून सांगितलं. मागच्या बाकांवरून हसल्याचा आवाज आला, असं तिनंच परतल्यावर सांगितलं. तिला पाचर मारायची जागा नव्यानं शोधावी लागली. ते काम तिच्या हयातीतही पुरं झालं नाही, पण चुकीच्या दारावर तीन वर्षं डोकं आपटणं टळलं. प्रोफेसरांनी बाबांना घरी पाठवलं नाही. त्या चार महिन्यांत दोघांचं बोलणं मात्र कामापुरतंच राहिलं.

आता दिवा वर धरा मित्रांनो, आणि माझ्या सांध्यांकडे पाहा. प्रत्येक स्क्रूवर तांबड्या रंगाची एक बारीक रेघ दिसते ना? अर्धी हातावर, अर्धी मण्यावर. हात काढून परत लावला की रेघेला रेघ जुळली पाहिजे. नाही जुळली, तर तो खोटं बोलतोय. दोनशे ब्याण्णव रेघा आहेत. बाबा सलाकोंनी शेवटच्या चार महिन्यांत, प्रत्येक हात आधी बाडावर ताडून, मगच एकेक ओढली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटची रेघ सतराव्या मण्यावर ओढली, टोपी घातली आणि ते गेले. त्या दिवशी जाताना ते गुणगुणत होते.

पुढे संगणक आले. हजारो स्पर्शांची यादी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतात. मग मला कोठीत आणून ठेवलं. माझी तक्रार नाही. मला घासूनपुसून लख्ख करा असंही मी म्हणत नाही. एवढंच मागतो की दुसऱ्याच्या कामाची वस्तू तुम्ही कधी हातात घेतली, तर ती होती तशी परत ठेवा. आणि चुकून हललीच, तर घाम फुटला तरी जाऊन सांगा. सांगायला जाताना पाय जड झाले, तर टोपी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या त्या म्हाताऱ्या कारागिराची आठवण ठेवा. बाबा सलाको त्यांचं नाव.