बुंदीच्या मापाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी घोडागाडी आहे. पण नाव ऐकून फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. माझी चाकं सायकलची आहेत आणि बैठक तुमच्या गुडघ्याच्या जरा वर. आयुष्यात मी फार लांब कधी गेले नाही, तरी दमले आहे. दमायला लांबच जावं लागतं असं कुठे आहे?

मला वसईजवळच्या वटार गावच्या ऑस्कर सुताराने घडवलं. चर्चमध्ये नवी बाकं आली, तेव्हा जुन्या बाकांतली एक सागवानी फळी त्याला मिळाली. तीच माझी बैठक. कितीतरी वर्षं माणसं तिच्यावर बसून आपली गाऱ्हाणी देवाला सांगत होती, त्यामुळे ऐकून घेण्याची आणि गप्प बसण्याची सवय मला जन्मापासूनच आहे. ऑस्करकडे तेव्हा एक बुटकं तट्टू होतं. दर नाताळात लाल अंगरख्यातला नाताळबाबा माझ्यावर बसायचा आणि केळीच्या बागांमधून आम्ही घरोघर गोळ्या वाटत फिरायचो. पोरं मागे धावायची, बायका दारात येऊन कौतुक करायच्या. मीही तेव्हा जरा तोऱ्यात असे.

मग तट्टू म्हातारं होऊन गेलं. नाताळबाबा उघड्या जीपमधून येऊ लागला. जीपला भोंगा होता, मला नव्हता. मला बागेमागच्या छपराखाली ढकललं. टायर बसले, साजाचं, म्हणजे घोड्याला जुंपायच्या पट्ट्यांचं, कातडं वाळून कडक झालं. एका कोंबडीने माझ्या बैठकीवर गवत गोळा करून संसार थाटला. मी रागावले नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

यंदा पावसाळा सरला आणि त्या छपराखाली धर्मा आला. हा नायगावच्या खाडीकाठचा शेतकरी. शेतकरी म्हणायचं ते आता सवयीने. त्याच्या भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि बैल जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोठ्यात होती ती फक्त बुंदी. बुंदी म्हणजे कमरेएवढी तांबूस घोडी. वरातीला घोडे पुरवणाऱ्या एकाकडे ती जन्मली, पण वाढायचं विसरली. तिच्यावर बसलेल्या नवरदेवाचे पाय जमिनीला टेकायचे. त्या माणसाने कंटाळून तिला धर्माच्या दारात आणून सोडलं. गोठ्यात पुन्हा जनावर आलं, तसा धर्मा पुन्हा पहाटे उठायला लागला.

त्याच्या मुलाला, हरेशला, हे परवडत नव्हतं. तो रोज मुंबईला नोकरीला जायचा, थकून परत यायचा आणि वाटेत बुंदीचा चारा घेऊन यायचा. ही कसल्याच कामाची नाही, असं त्याचं म्हणणं. किनाऱ्यावर पोरांना फेऱ्या मारून आणणारा एक माणूस तिला न्यायला तयार होता. तिथे दिवसभर तापल्या वाळूत फिरायचं असतं, हे धर्माला ठाऊक होतं. त्याने मुदत मागून घेतली. वसईत एका शाळेच्या मैदानावर पाळीव जनावरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे बुटक्या घोड्यांना गाडीला जुंपून फिरवायचं होतं. बुंदीने मैदानाची फेरी नीट पुरी केली तर ती राहणार. नाही केली तर तिथूनच टेंपोत चढून किनाऱ्यावर जाणार. बापलेकांत असं ठरलं.

आता गाडी हवी. हरेशने फोनवर चकचकीत नळ्यांची, लाल साजासकटची गाडी दाखवली. किंमत वाचून धर्माने फोन परत दिला. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी गाडी स्वस्तात करून द्यायची तयारी दाखवली, पण तिचा नमुना दोघांना उचलेना. पोरीला गाडी ओढायला द्यायची की तिला गाडीखाली पुरायचं, असं धर्माच्या बायकोने, जिजाने, विचारलं. मग कुणीतरी ऑस्करचं नाव सांगितलं.

धर्माने माझी चाकं फिरवून पाहिली, दांडे टकटक वाजवले. साज हातात घेऊन ओढला तर तो पापडासारखा मोडला. बरं झालं इथेच मोडला, तो म्हणाला. रस्त्यात मोडला असता तर माणूस आणि जनावर दोघंही गेली असती. ऑस्करने दोन अटी घातल्या. कोंबडीची पिल्लं बाहेर पडेपर्यंत गाडी हलवायची नाही आणि नाताळात एकदा तिला वटारला आणायचं. पैशांचं काय, असं धर्माने चाचरत विचारलं.

"त्या कोंबडीकडून मी कुठे भाडं घेतो?" ऑस्कर म्हणाला.

पिल्लं निघाली आणि मी नायगावला आले. साज हरेशच्या बायकोने, निधीने, शिवला. मोडक्या खाटेची नवार काढून तिला आतून गोधडीचे मऊ तुकडे लावले. छातीपट्टा झाला, पाठीवरची गादी झाली, सगळं बुंदीच्या मापाचं. आता सगळं सुरळीत होणार, असं मलाही वाटलं.

पण धर्मा पडला बैलगाडीचा माणूस. बैलगाडीवाल्याला एकाच गोष्टीची धास्ती, ती म्हणजे उलाळ. मागे भार जास्त झाला की गाडीचं तोंड वर उचलतं आणि जू बैलांच्या गळ्याशी येतं. म्हणून तो नेहमी भार पुढे ठेवतो. धर्माने तेच केलं. माझी फळी पुढे सरकवून ठोकली, तोंडाशी वाळूचं पोतं ठेवलं आणि छातीपट्टा बांधला तो वर, मानेशी, जिथे जू असतं तिथे. सगळा भार माझ्या दांड्यांतून त्या एवढ्याशा पाठीवर उतरला. मला कळत होतं, पण मला जीभ कुठे आहे?

बुंदी चार पावलं टाकायची, खोकायची आणि उभी राहायची. धर्मा चुचकारायचा, गूळ द्यायचा, पुढे होऊन ओढायचा. असे कितीतरी दिवस गेले. रोज ती थांबायची, रोज तो हताश होऊन माझ्या चाकाशी बसायचा. शेवटी तो म्हणाला की घोडीच हट्टी आहे, हरेशचंच खरं. हरेशने टेंपोवाल्याला मैदानावर यायला सांगून टाकलं.

जिजा हे सगळं ओट्यावरून बघत होती. ती उठून आली आणि माझ्या फळीवर बसली. जिजा काही हलकी बाई नव्हे.

"तिला कशाला बोलता? एकदा तुमीच उभं रा त्या दांड्यांत," ती म्हणाली. "बघा कसं वाटतं."

धर्मा हसला, पण उभा राहिला. दांडे उचलून धरले, छातीपट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि पुढे झुकला. दुसऱ्याच पावलाला त्याला ठसका लागला. डोळ्यांत पानी आलं, असं तो म्हणाला, पण ते ठसक्याचंच होतं असं मला वाटत नाही. त्याने पट्टा खाली ओढून छातीवर घेतला आणि पुन्हा जोर लावला. मी निघाले.

"मी हिला बैल समजून जुंपली गं," तो म्हणाला. "ही बैल नाय."

त्याच दुपारी त्याने पोतं काढलं आणि फळी चाकांच्या बरोबर वर आणली. माझे दांडे हलके झाले, एका बोटावर उचलावेत इतके. बुंदी परसातून खाडीपर्यंत गेली आणि परत आली. त्या रात्री मला जुन्या नाताळांची आठवण झाली.

प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या पुढे तीन चकचकीत गाड्या होत्या. आमची पाळी आली. अर्धी फेरी छान झाली आणि मैदानाच्या वळणावर बुंदी थांबली. ध्वनिक्षेपक कर्कश वाजत होता, ऊन डोक्यावर होतं. लोक हसले. धर्माच्या हातात लगाम होता. त्याने तो सैल सोडला आणि नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळाने बुंदीने कान हलवले आणि ती आपण होऊन चालू लागली. फेरी पुरी झाली. बक्षीस लाल साजवाल्याला मिळालं, ते रीतसरच झालं.

फाटकाशी टेंपो उभा होता. फेरी 'नीट' पुरी करायची असं ठरलं होतं आणि धर्मा दिल्या शब्दाचा माणूस. त्याने बुंदीचा साज सोडला आणि तिला टेंपोकडे चालवू लागला. मी रिकाम्या दांड्यांनी जमिनीला टेकून बघत राहिले. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं.

त्या दिवशी कचेरीला न जाता मैदानावर आलेला हरेश आडवा आला. त्याने बुंदीच्या छातीवरून हात फिरवला, मग पाठीवरून. साजाने कुठे एक केसही घासला नव्हता. टेंपोवाल्याला त्याने जायला सांगितलं.

"ती थांबली रे मधेच," धर्मा म्हणाला.

"थांबली," हरेश म्हणाला. "दमलं की थांबतात, बाबा." आणि आपली कचेरीची पिशवी माझ्या फळीवर ठेवून तो घराच्या वाटेने चालू लागला.

बुंदी अजून गोठ्यात आहे. नाताळ आला की आम्हाला वटारला जायचं आहे. ऑस्करची कोंबडीही वाट बघते आहे म्हणे. माझं काय, मी जुनीच आहे आणि चाकं कुरकुरतातच. तुमच्याकडे जनावर असेल तर त्याला चकचकीत गाडी नसली तरी चालेल. फक्त त्याला जुंपण्याआधी एकदा स्वतः त्या दांड्यांत उभे राहा. आणि ते मधेच थांबलं, तर लगाम सैल सोडा.