तारेतून सांगितलेले नाव

मित्रांनो, माझ्या काचेवर उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा एक ठसा आहे. तो अजून कोणी पुसलेला नाही. घोलवडच्या एका लहानशा छपाईच्या दुकानातला जुना मॉनिटर तो मीच.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथेच माझ्या पोटात माझे नाव आणि क्रमांक साठवला गेला. संगणक सुरू झाला की तारेतून मला विचारतो, "तू कोण?" मी क्रमांक सांगतो. मग तो माझ्यासाठी जपलेले रंगांचे माप बाहेर काढतो. कोणतेही दोन पडदे सारखे नसतात. मी जन्मापासून जरा निळसर. ते माप मला सावरते.

ते घेतले होते दुकानाचे मालक रतनकाकांनी. दर दोन महिन्यांनी ते माझ्या छातीवर छोटे रंगमापक यंत्र टांगत. तरी त्यांचा शेवटचा विश्वास चिकूवरच. चिकूच्या पेट्यांची लेबले छापण्याआधी पिकलेला चिकू आणून माझ्या काचेला भिडवत. "सालीचा रंग चुकला तर व्यापारी म्हणेल, बटाटे पाठवले!" ठसा तेव्हाचाच.

सकाळी मी आधी निळा उजळायचो. क्षणभराने माप लागायचे आणि पडद्यावर ऊब पसरायची. काका म्हणायचे, "आलास का?"

काका गेल्यावर अकराव्या दिवशी त्यांची मुलगी दिशा दुकानात आली. तेराव्याला ठेवायचा फोटो तिला स्वतः करायचा होता. माझी तार चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, म्हणून तिने ती टोपलीत टाकली आणि डहाणूहून आणलेली नवी तार एका स्वस्त अडॅप्टरच्या जोडाने बसवली. त्या जोडातून चित्र येत होते, पण माझा आवाज पलीकडे जात नव्हता. संगणकाने विचारले, मी सांगितले. त्याला ऐकूच गेले नाही. त्याने मला अनोळखी पडदा ठरवले.

काकांचा चेहरा माझ्यावर निळा उमटला. दिशाने हात मागे घेतला. दवाखान्यात शेवटचे पाहिले तेव्हा ते असेच दिसत होते. मग ती चेहऱ्यात लाल रंग भरत गेली, पुरेसा वाटेपर्यंत.

वेवजी गावची शुक्री वीस वर्षे इथे फोटो कापते. दिशाने छापलेला फोटो तिने उचलला.

"ताई, शेठला ताडी पाजली काय?"

"मावशी!"

"जन्मात थेंब घेतला नाही, आणि मेल्यावर तोंड लाल!"

दिशा हसली, आणि हसता हसता थांबली. "तीनदा छापला गं. परवा तेरावा. मला त्यांचा चेहराच आठवत नाही का?"

शुक्रीने लेबलाचे चित्र उघडायला लावले, पिशवीतला चिकू काढून माझ्या काचेला लावला. "बघ. तुझा डोळा बरा आहे. पडदा खोटा बोलतोय. शेठची तार कुठाय?"

"ती फाटकी? टाकली."

"फाटकी कुठली! वाच तरी."

शुक्रीने टोपलीतून तार काढली. चिकटपट्टीवर काकांच्या अक्षरात बॉलपेनने लिहिले होते : हीच लावणे.

दिशाने ती तार बराच वेळ हातात धरली. मग लावली.

मी निळा उजळलो. संगणकाने विचारले, मी नाव सांगितले. क्षणभराने ऊब पसरली, जणू खुर्चीमागून कोणी वाकून पाहिले. दिशाने भरलेला सगळा लाल काढून टाकला. खाली काका होते, जसेच्या तसे.

"आले शेठ," शुक्री हळूच म्हणाली. मागे वळून कोणीच पाहिले नाही.

मित्रांनो, आता माझा दिवा मंदावतो आहे. काकांनी घेतलेले माप मला पुरेनासे झाले आहे. नवे घ्यायला हवे. पण ते घेतले की संगणक तेच लावणार, काकांचे नाही. दिशा खणातले यंत्र काढते, पुन्हा ठेवून देते. सकाळी ऊब पसरेपर्यंत ती कामाला हात लावत नाही. फक्त थांबते.

जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावर कोणाच्या हातचे काही लिहिले आहे का, तेवढे वाचा. आणि मला पुसाल तेव्हा उजवा कोपरा सोडून पुसा.